एकवीस मागण्या आणि एकतीस प्रकरणे



पोलंड देशातील गदान्स्क या बंदरात लेनिनचे नाव दिलेला जहाजबांधणीचा एक प्रचंड कारखाना होता. सोळा-सतरा हजार माणसे तेथे राबत. त्या कारखान्यात आन्ना वालेंतिनोविच नावाची एक बाई क्रेन चालवीत असे. ७ ऑगस्ट १९८० रोजी तिला कामावरून काढून टाकण्यात आले. निवृत्तीला तेव्हा तिचे अवघे पाच महिने उरले होते. तिचा अपराध एवढाच, की सरकारमान्य युनियन सोडून ती काही मूठभर मंडळींच्या स्वतंत्र, म्हणजे सरकारच्या लेखी बेकायदा, कामगार संघटनेत काम करीत होती. आठवड्याने, १४ ऑगस्टला, कारखान्यात संप झाला. पहिली मागणी साधी होती : बाईंना परत कामावर घ्या.

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'साम्यवादी राजवटीनंतरचे समाज : लोकशाही, विकास आणि युरोपचे एकीकरण' असा भारदस्त शब्दांत छापला आहे. एवढ्या सगळ्या देशांची हकीगत एका संध्याकाळी सांगू लागलो, तर नुसती नावे घेण्यातच वेळ जाईल. म्हणून मी एकच देश घेतो, आणि त्या देशातही पुन्हा पुन्हा या एका कारखान्याच्या दाराशी येऊन थांबतो. लोकशाही त्या दारातून आली. विकासाने त्या दाराला एकदा कुलूप घालायला लावले. आणि युरोपचे कायदेही अखेरीस तेथेच येऊन धडकले.

पोलिश माणूस निदान कोल्हापूरकडच्या लोकांना परका नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जणांची, त्यांत मुख्यतः बायका आणि मुलेच होती, वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात छावणी होती. युद्ध संपले तेव्हा त्यांच्या देशात रशियाच्या पाठबळाने कम्युनिस्ट राजवट येत होती. त्यामुळे त्यांच्यापैकी पुष्कळांनी मायदेशी न जाता दुसरीकडची वाट धरली. जे लोक देशातच राहिले त्यांच्या वाट्याला जे राज्य आले, ते कामगारांच्या नावाने चाललेले राज्य होते.

या राज्याची मुख्य अडचण कोणती, हे कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला चटकन कळते. कारखान्याचा मालक सरकार, पोलीस सरकारचे, वर्तमानपत्रे सरकारची, आणि युनियनही सरकारचीच. मग गाऱ्हाणे सांगायचे कोणाकडे? डिसेंबर १९७० मध्ये ऐन नाताळाच्या तोंडावर सरकारने खाण्याच्या जिनसांचे भाव वाढवले. गदान्स्क, ग्दिनिया, श्चेचिन येथले कामगार रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. चाळीसांहून अधिक माणसे मेली. पक्षाचा प्रमुख गोमुल्का गेला, गिएरेक आला. नव्या प्रमुखाने पाश्चात्त्य बँकांकडून भरमसाट कर्ज काढून काही वर्षे बरी घालवली. पण कर्जाने आणलेल्या यंत्रांवर तयार झालेला माल बाहेर खपेना आणि हप्ते मात्र चुकेनात. १९७६ साली पुन्हा भाववाढ झाली. रादोम आणि उर्सुस येथे दंगे झाले आणि शेकडो कामगारांना हाकलून दिले. त्या वेळी काही लेखक, वकील, प्राध्यापक एकत्र आले व त्यांनी 'कामगार संरक्षण समिती' काढली. काढलेल्या कामगाराच्या घरी पैसे पोचवणे, कोर्टात त्याच्या बाजूने उभे राहणे, असले बिनदिखाऊ काम तिने केले. इतिहासाच्या पुस्तकांत या समितीला दोन ओळी मिळतात. माझ्या मते तिला एक प्रकरण द्यावयास हवे. जाहीरनामे लिहिणारे पुष्कळ असतात. तुरुंगात गेलेल्या माणसाच्या बायकोला महिनाअखेर पैसे नेऊन देणारे थोडे असतात, आणि कामगाराचा विश्वास त्यांच्यावर बसतो.

आता १९८० च्या ऑगस्टकडे वळू. १९७० चा धडा या कामगारांनी पक्का गिरवला होता. त्या वेळी ते रस्त्यावर गेले आणि मारले गेले. या वेळी ते कारखान्याच्या आतच बसून राहिले. संपसमितीने दारू बंद केली. पुढे सरकारचे प्रतिनिधी बोलणी करायला आले, तेव्हा ती बोलणी कारखान्याच्या ध्वनिक्षेपकांवरून सगळ्यांना ऐकवली जात होती. ही गोष्ट दिसायला लहान आहे, पण तिचे महत्त्व फार मोठे आहे. बंद खोलीत पुढारी काय कबूल करून येतील याची धास्ती प्रत्येक संपात असते, आणि निम्मे संप त्या धास्तीनेच फुटतात. येथे खोलीचे दारच उघडे ठेवले होते.

तरीही संप मोडता मोडता वाचला. १६ ऑगस्टला व्यवस्थापनाने पगारवाढ दिली, आन्नाबाईंना आणि १९७६ साली काढून टाकलेल्या लेक वालेसा या इलेक्ट्रिशियनला परत घेण्याचे मान्य केले, आणि वालेसाने संप संपल्याचे जाहीर केले. माणसे घराकडे निघाली. परंतु त्यांच्या पाठिंब्यासाठी शहरातले इतर लहान कारखाने, ट्रामवाले, बसवाले संपावर उतरले होते, त्यांचे काय? मोठ्या कारखान्याने आपल्यापुरते पदरात पाडून घेतले तर धाकट्यांना सरकार किड्यामुंगीसारखे चिरडणार होते. हेन्रिका क्षिवोनोस नावाच्या ट्रामचालक बाईने हे तोंडावर सांगितले. आलिना पिएन्कोव्स्का ही परिचारिका आणि स्वतः आन्नाबाई दारांकडे धावल्या, आणि निघालेल्या माणसांना त्यांनी थांबवले. ज्या बाईची नोकरी परत मिळाली होती, जिच्यासाठी संप झाला होता, तीच 'अजून संप संपलेला नाही' म्हणून फाटकाशी उभी राहिली. त्या रात्री कारखान्यात राहिलेली माणसे थोडी होती, पण संप आता एका कारखान्याचा राहिला नव्हता. आंतर-कारखाना संपसमिती स्थापन झाली आणि लाकडी फळ्यांवर हाताने लिहिलेल्या एकवीस मागण्या फाटकावर टांगण्यात आल्या.

या मागण्या मी मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण पुढे जे काही झाले त्याचे माप आपल्याला याच फूटपट्टीने घ्यायचे आहे. दरमहा दोन हजार झ्लॉटी वाढ. मांसाचे रेशनिंग. बायकांना ५० व्या आणि पुरुषांना ५५ व्या वर्षी निवृत्ती. तीन वर्षांची भरपगारी बाळंतपणाची रजा. पाळणाघरे. राहत्या घरासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते, तो काळ कमी करणे. शनिवारची सुटी. भाषणस्वातंत्र्य आणि राजकीय कैद्यांची सुटका याही मागण्या होत्या. पण कारखाने खाजगी मालकांना विका, अशी मागणी या एकवीस कलमांत कोठेही नाही. या माणसांना समाजवादाने दिलेली वचने पाळून हवी होती.

आणि पहिली मागणी? पक्षापासून व मालकापासून स्वतंत्र असलेली कामगार संघटना. तिला आधार दिला होता आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८७ क्रमांकाच्या कराराचा. संघटनास्वातंत्र्याचा हा करार १९४८ चा. पोलंड सरकारने तो १९५७ मध्येच मान्य करून ठेवला होता, आणि मान्य करून कपाटात ठेवला होता. कामगारांनी सरकारची सही सरकारलाच दाखवली. (जाता जाता सांगतो : आपल्या देशाने या ८७ क्रमांकाच्या करारावर आजतागायत सही केलेली नाही. सामुदायिक वाटाघाटीच्या ९८ क्रमांकाच्या करारावरही नाही. आपण लोकशाही देश आहोत, म्हणून ही गोष्ट कोणी फारशी बोलत नाही.)

३१ ऑगस्टला सरकारतर्फे उपपंतप्रधान यागिएल्स्की आणि कामगारांतर्फे वालेसा यांच्या सह्या झाल्या. सप्टेंबरात देशभरच्या समित्या मिळून 'सोलिदार्नोश्च', म्हणजे एकजूट, ही संघटना उभी राहिली. साडेतीन कोटी वस्तीच्या देशात तिचे सभासद पाहता पाहता एक कोटीच्या घरात गेले. १९८१ च्या पहिल्या अधिवेशनात तिने 'स्वयंशासित प्रजासत्ताका'चा कार्यक्रम मांडला. कारखाने कामगारांच्या मंडळांनी चालवावेत, असे त्यात होते. तो अमलात येण्याची वेळ आलीच नाही. १३ डिसेंबर १९८१ च्या पहाटे जनरल यारुझेल्स्कीने लष्करी कायदा पुकारला. हजारो कार्यकर्ते पकडले गेले, आणि तीन दिवसांनी वूयेक खाणीत नऊ खाणकामगार गोळ्यांना बळी पडले. पुढची सात वर्षे संघटना तळघरात राहिली. छापखाने चालले, वर्गणी गोळा होत राहिली, चर्चने आसरा दिला. १९८३ साली वालेसाला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. सरकार मात्र दुकानात माल आणू शकत नव्हते, आणि कर्जही फेडू शकत नव्हते.

१९८८ च्या संपांनंतर सरकारने हात टेकले. तरीही जाता जाता राकोव्स्की या शेवटच्या कम्युनिस्ट पंतप्रधानांपैकी एकाने लेनिन कारखाना तोट्यात आहे म्हणून बंद करण्याची घोषणा केलीच. तो हुकूम अमलात आला नाही. पण 'तोटा' हा शब्द त्या फाटकाशी पहिल्यांदा कोणी उच्चारला, हे ध्यानात ठेवावे.

१९८९ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गोलमेज बैठक झाली. कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी १६१ जागाच खुल्या निवडणुकीला ठेवल्या होत्या, आणि शंभर जागांचे वरिष्ठ सभागृह पूर्ण खुले होते. ४ जूनला मतदान सुरू झाले (पेकिंगच्या चौकात रणगाडे फिरले तोच दिवस). अखेरचा निकाल लागला तेव्हा खुल्या १६१ च्या १६१ आणि शंभरांपैकी ९९ जागा एकजुटीकडे गेल्या होत्या. ऑगस्टमध्ये तादेऊश माझोविएत्स्की हे पंतप्रधान झाले. १९८० च्या संपात कामगारांचे सल्लागार म्हणून गदान्स्कला आलेले हेच गृहस्थ. रक्ताचा थेंब न सांडता सत्तांतर झाले. याचे श्रेय दोन्ही बाजूंना आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

आता अवघड भाग येतो. नव्या सरकारच्या हाती तिजोरी रिकामी, परदेशी कर्ज सुमारे ४० अब्ज डॉलरचे, आणि भाव तर रोज बदलत होते. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी १ जानेवारी १९९० पासून जी योजना लागू केली तिला 'झटक्याचा इलाज' म्हणतात. भावांवरची बंधने काढली, सवलती कापल्या, आयात मोकळी केली. एकट्या जानेवारीत भाव सुमारे ८० टक्क्यांनी चढले. पगार मात्र त्या मागे धावू नयेत म्हणून, ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवणाऱ्या सरकारी कारखान्यावर वाढीच्या कैक पट कर बसवला. कामगारांच्या पाठिंब्याने आलेल्या सरकारने कामगाराच्या पगारावर बसवलेला हा कर! आणि एकजूट संघटनेने काय केले? तिने आपल्या सरकारवर छत्री धरली. 'संरक्षक छत्री' हा त्या काळचा तेथला शब्दच आहे. संप करायचे नाहीत, सरकारला वेळ द्यायचा, असे ठरले.

दुकानांतल्या रांगा नाहीशा झाल्या, हे खरे. फळ्या मालाने भरल्या, हेही खरे. पण त्या मालाकडे नुसते बघावे लागणारी माणसे वाढली. वर्षाच्या आत खरा पगार जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटला. जेथे बेकारी हा शब्द सरकारी भाषेत नव्हताच, तेथे १९९० च्या अखेरीस अकरा लाख आणि १९९३ च्या अखेरीस जवळजवळ एकोणतीस लाख बेकार नोंदले गेले. सरकारी शेतमळे १९९१ च्या कायद्याने मोडीत निघाले. मळ्याच्या चाळीत राहणाऱ्या, मळ्याच्याच शाळेत शिकलेल्या कुटुंबांना जाण्यास दुसरी जागा नव्हती. मजूरमंत्री यात्सेक कुरोन्य हे जुन्या कामगार संरक्षण समितीचे संस्थापक. ते दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर येऊन लोकांना सगळे समजावून सांगत, आणि गरिबांना सूप वाटत. त्या सुपाला लोकांनी त्यांचेच नाव दिले. पुढे बेकारीच्या भत्त्यालाही तेच नाव पडले. यात थट्टा किती आणि माया किती, हे तिऱ्हाइताने सांगू नये.

हा इलाज दुसऱ्या तऱ्हेने करता आला असता का? अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. भाववाढ आवरणे अपरिहार्य होते, एवढे मी मान्य करतो; ती न आवरली तर पहिला मरतो पगारदारच. रोगी उठून बसला, हेही मान्य. १९९२ पासून उत्पादन वाढू लागले, आणि १९८९ ची पातळी या सर्व देशांत प्रथम ओलांडली ती पोलंडने, १९९६ च्या सुमारास. १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांनी त्यांच्या कर्जापैकी निम्मे सोडून दिले, तेही विसरू नये. नुसत्या कडू औषधाने रोगी बरा होत नाही, कोणीतरी दूधही पाजावे लागते. परंतु पगारावर कर आणि मळ्यांची राखरांगोळी यांची निकड अर्थशास्त्राने सिद्ध केलेली मला तरी दिसली नाही. ज्यांच्या हाती दाद मागण्याचे साधन उरले नव्हते, त्यांच्यावर तो बोजा टाकणे सोपे होते, एवढेच.

राजकारणात त्याचा हिशेब लवकरच झाला. मे १९९३ मध्ये एकजुटीच्याच खासदारांनी सुखोत्स्का बाईंच्या सरकारवर अविश्वास आणला आणि सरकार एका मताने पडले. निवडणुकीत जुन्या कम्युनिस्टांचा नव्या नावाचा पक्ष पहिला आला, आणि संघटनेच्या स्वतःच्या यादीला पाच टक्केही मते न पडल्याने कनिष्ठ सभागृहात तिला एकही जागा मिळाली नाही. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून वालेसाही गेले. चार वर्षांपूर्वी ज्यांनी ९९ जागा दिल्या, तेच हे मतदार. परंतु हरलेल्यांनी खुर्ची सोडली आणि जिंकलेल्यांनी कोणाला तुरुंगात घातले नाही. लोकशाही रुजली ती या कुरूप दिसणाऱ्या निवडणुकांतून, असे माझे मत आहे.

जुने कम्युनिस्ट परत आले तरी गाडी युरोपच्या दिशेनेच चालू राहिली. १९९३ साली कोपनहेगन येथे युरोपीय संघाने अटी ठरवल्या : लोकशाही आणि कायद्याचे राज्य, चालती बाजारपेठ, आणि संघाचे सर्व कायदे पाळण्याची कुवत. पोलंडने १९९४ च्या एप्रिलमध्ये अर्ज केला, १९९८ मध्ये बोलणी सुरू झाली. बोलणी हा शब्द थोडा फसवा आहे. एकतीस प्रकरणांत विभागलेले, सुमारे ऐंशी हजार पानांचे कायदे समोर होते. ते घ्यायचे की नाही हा प्रश्नच नव्हता, कधी घ्यायचे एवढेच ठरवायचे होते. मागण्या लिहिणारे आणि मागण्या पुऱ्या करणारे यांच्या जागा आता बदलल्या होत्या. शेतकऱ्यांना युरोपची मदत मिळणार, पण २००४ मध्ये जुन्या देशांच्या चौथाईइतकी आणि पूर्ण मिळायला २०१३ उजाडणार. माल आणि भांडवल पहिल्या दिवसापासून मोकळे. पण कामगाराला मोकळी वाट फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने दिली. शेजारच्या जर्मनीने तिच्यासाठी २०११ पर्यंत थांबवून ठेवले.

तरीसुद्धा जून २००३ च्या सार्वमतात ७७ टक्के लोकांनी होकार दिला. त्या लोकांना भोळे समजू नये. मॉस्को आणि बर्लिन यांच्यामध्ये चेंगरलेल्या देशाला कोणत्या तरी घराचे सभासदत्व म्हणजे काय, हे आपण लांबून नीट समजू शकत नाही. १ मे २००४ रोजी, कामगार दिनाच्याच दिवशी, इतर नऊ देशांबरोबर पोलंड युरोपीय संघात गेला.

त्यानंतर काय झाले? दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या जेमतेम निम्मे होते, ते आज चार-पंचमांशांच्या आसपास आले आहे. २००७ ते २०१३ या काळात रस्ते, रेल्वे, सांडपाणी यांसाठी सुमारे ६७ अब्ज युरो मिळाले. २००९ मध्ये सबंध युरोप मंदीत बुडाला तेव्हा उत्पादन घटले नाही असा संघातला एकच देश निघाला, तो पोलंड. १९९० मध्ये त्याच्याशी बरोबरी करणारा युक्रेन, जो या घराबाहेर राहिला, तो पुढे कितीतरी मागे पडला. या हिशेबाला मी नाक मुरडत नाही. त्याच हिशेबात २००७ च्या सुमारास परदेशी गेलेली वीस लाखांहून अधिक माणसेही मांडायची असतात, एवढे मात्र म्हणतो.

आणि आपला कारखाना? १९९६ साली, लोकशाही सरकारच्या अमदानीत, त्याचे दिवाळे निघाले. तेव्हा सात हजारांच्या आसपास माणसे उरली होती. पुढे तो शेजारच्या ग्दिनियाच्या कारखान्याला विकला गेला, नंतर पुन्हा वेगळा झाला, २००७ मध्ये युक्रेनी मालकांकडे गेला. मग युरोपीय आयोगाने विचारले, की सरकारने या कारखान्यांना दिलेले पैसे स्पर्धेच्या नियमांत बसतात काय? ग्दिनिया आणि श्चेचिन यांची मदत नोव्हेंबर २००८ मध्ये बेकायदा ठरली. दोन्ही कारखान्यांची मालमत्ता तुकड्यांनी विकायला निघाली आणि हजारो कामगार घरी बसले. गदान्स्कला २००९ मध्ये जीवदान मिळाले, ते जहाज बांधून पाण्यात सोडण्याच्या तीन उतारांपैकी दोन बंद करण्याच्या अटीवर. १९७० मध्ये ज्या तीन शहरांत माणसे मेली, ती हीच तीन शहरे.

या सगळ्याचा राग कोठेतरी साठत होताच. २०१५ साली 'कायदा आणि न्याय' पक्ष स्वबळावर निवडून आला. त्याने मुलांमागे दरमहा ५०० झ्लॉटी भत्ता दिला, आधीच्या सरकारने ६७ पर्यंत चढवलेले निवृत्तीचे वय पुन्हा खाली आणले. आणि त्याच हाताने न्यायालये आपल्या मुठीत घ्यायला सुरुवात केली. एकजूट संघटनेचे नेतृत्व या पक्षाच्या बाजूने उभे राहिले. वालेसा आणि जुने पुष्कळ सहकारी विरुद्ध बाजूला. युरोपने २०१७ मध्ये कारवाई सुरू केली, २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने रोज दहा लाख युरो दंड ठोठावला. घरात येण्यापूर्वी ऐंशी हजार पाने तपासणाऱ्या संघाकडे, आत आलेल्याने न्यायाधीशाच्या मानेवर हात ठेवला तर त्याला आवरण्याचे साधन अपुरे होते. निर्णय अखेर तेथल्या मतदारांनीच केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४ टक्के मतदान झाले आणि सरकार बदलले. १९८९ च्या त्या जूनमध्येही एवढे मतदान झाले नव्हते.

आन्नाबाई हे पाहायला नव्हत्या. वालेसांशी त्यांचे फार पूर्वीच बिनसले होते. १० एप्रिल २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की यांच्याबरोबर त्या ज्या विमानात होत्या, ते स्मोलेन्स्कजवळ कोसळले. फाटकावरच्या मागण्यांच्या फळ्या युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत घेतल्या, आणि त्या आता कारखान्याशेजारच्या संग्रहालयात आहेत.

त्या फळ्यांवरच्या पहिल्या मागणीचे एक शेपूट मात्र राहिले आहे. नव्या पोलंडमध्ये लाखो तरुण माणसांना नोकरीऐवजी ठेकेवजा कराराने राबवून घेण्याची पद्धत पडली. रजा नाही, भविष्याची तरतूद नाही. लोक त्यांना 'कचरा-करार' म्हणतात. असा करार करणारा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कामगारच नव्हे, म्हणून त्याला युनियनचे सभासद होता येत नसे. एकेकाळी एक कोटी सभासद असलेल्या या देशात संघटित कामगारांचे प्रमाण आता फार थोडे उरले आहे, त्याचे हेही एक कारण. २०११ साली एकजूट संघटनेने आपल्या स्वतंत्र, लोकशाही, युरोपीय सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे तक्रार नोंदवली. आधार घेतला तो ८७ क्रमांकाच्याच कराराचा. तक्रार मान्य झाली, २०१५ मध्ये तेथल्या घटना न्यायालयानेही ती मान्य केली. कायदा बदलायला आणखी साडेतीन वर्षे लागली. १ जानेवारी २०१९ पासून पोलंडमधला कचरा-करारावरचा कामगार युनियनची पावती फाडू शकतो.